संभाव्यता : कालचा आजशी संबंध



दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे. नाणे उडवले तर छापा की काटा, फासा टाकला तर कोणता अंक, अशी उदाहरणे आपण सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. इंटरनंतर संख्याशास्त्र, अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राकडे जाणाऱ्यांना मात्र हा विषय पुन्हा भेटतो. तेथे त्याचे नाव ‘संभाव्यता आणि यादृच्छिक प्रक्रिया’ असे असते. नाव भारदस्त असले तरी घाबरण्याचे कारण नाही. त्यात काय शिकवतात ते थोडक्यात पाहू.

अभ्यासक्रमाचा पहिला भाग संभाव्यतेचा. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एका प्रश्नावर पत्रव्यवहार केला : जुगाराचा डाव मध्येच मोडला तर पैसे कसे वाटून घ्यावेत? तेथून या शास्त्राला आकार आला. एकदा नाणे उडवल्यावर काय पडेल हे कोणीही सांगू शकत नाही. पण तेच नाणे १,००० वेळा उडवले तर छापे ५०० च्या आसपास पडतात. असा हजाराचा प्रयोग १०० वेळा केला, तर सुमारे ९५ वेळा छाप्यांची संख्या ४७० ते ५३० च्या दरम्यान राहील. एकेक घटना बेभरवशाची, पण समूहाला नियम असतो, हा पहिला धडा.

दुसरा भाग यादृच्छिक प्रक्रियांचा. योगायोग एकदाच न घडता काळाबरोबर घडत गेला, की ती यादृच्छिक प्रक्रिया. याचे एक सुंदर उदाहरण मराठी माणसाच्या कामात सापडते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. इतिहासकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण ते मूळचे गणितज्ञ. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत. त्या काळात त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांचा, म्हणजे ठसे मारलेल्या नाण्यांचा, अभ्यास सुरू केला. या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल. मग आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे ओळखायचे कसे?

कोसंबींनी तराजू हाती घेतला. टांकसाळीतून निघताना नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. पुढे हातोहाती फिरताना प्रत्येक नाणे थोडे थोडे झिजते. कोणते नाणे किती झिजेल हे योगायोगावर अवलंबून असते. पण सबंध गटाकडे पाहिले तर दोन गोष्टी दिसतात : जसा काळ जातो तशी सरासरी घटते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढतो. आपल्या काळातील चलनी नाणी मोठ्या संख्येने तोलून त्यांनी हा नियम पडताळला आणि मग जुन्या नाण्यांना लावला. याच वर्षांत, १९४३ साली, त्यांनी यादृच्छिक प्रक्रियांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील सिद्धान्त पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर शिकवला गेला. आता अनेक ठिकाणी त्याला कोसंबींचेही नाव जोडतात.

नाण्याचे आजचे वजन कालच्या वजनावर अवलंबून असते. पावसाचेही काहीसे असेच आहे. पावसाळ्यात कोरड्या दिवसामागून कोरडा दिवस येण्याचा कल असतो आणि ओल्या दिवसामागून ओला. उद्याची शक्यता आजच्या स्थितीवरून काढण्याच्या रीतीला रशियन गणितज्ञ मार्कोव्ह यांच्या नावावरून मार्कोव्ह साखळी म्हणतात.

आता आपल्या जैनथकडे येऊ. मृगाचा पाऊस पडला की कपाशीची सरकी लावायची घाई होते. नंतर उघडीप पडली तर दुबार पेरणी. समजा, त्या हंगामात १० पैकी ६ दिवस कोरडे असतात. लावणीनंतरचा पहिला दिवस कोरडा गेला. पुढचे सहाही दिवस कोरडे जाण्याची संभाव्यता किती? प्रत्येक दिवस स्वतंत्र मानला तर ०.६ चा सहा वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.०५. शंभरात ५. पण कोरड्या दिवसानंतर पुन्हा कोरडा दिवस येण्याची संभाव्यता ०.८ असेल, तर ०.८ चा सहा वेळा गुणाकार करावा लागेल. उत्तर येते ०.२६. शंभरात २६! एकरी बियाणे आणि मजुरी ४,००० रुपये धरली, तर पहिल्या हिशेबाने अपेक्षित नुकसान २०० रुपये आणि दुसऱ्याने १,०४० रुपये. कोरड्या दिवसांचे प्रमाण दोन्हीकडे तेच. कालचा आजशी संबंध विसरल्यामुळे धोका पाचपटीने लहान दिसला.

हे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. खरे आकडे नोंदीतून मिळतात आणि त्या नोंदी ठेवणे विद्यार्थ्यांच्या हातात आहे. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. येत्या जूनपासून शाळेत रोज सकाळी ‘ओला’ किंवा ‘कोरडा’ एवढेच वहीत लिहावे. सप्टेंबरअखेर १२२ नोंदी होतील. कोरड्यानंतर कोरडा दिवस किती वेळा आला ते मोजा, एकूण कोरड्या दिवसांनी भागा, झाली तुमची पहिली मार्कोव्ह साखळी. एका वर्षाच्या नोंदी पुरेशा नाहीत, म्हणून वही पुढच्या वर्गाकडे सोपवत जावी. विश्वस्त मंडळींनी एक पर्जन्यमापक दिल्यास ही वही वर्षानुवर्षे चालेल.

पालकांनाही एक विनंती. गणितात गती असलेल्या मुलामुलींना केवळ ‘अवघड आहे’ म्हणून या वाटेपासून परावृत्त करू नये. पीकविमा, हवामानाचा अंदाज, दवाखान्यातील औषधांच्या चाचण्या, या साऱ्यांच्या मुळाशी हेच गणित आहे. उद्या पाऊस येईलच असे ते कधी सांगत नाही. किती जोखीम घेत आहोत एवढे मात्र पेरणीआधी सांगते.