सलग ८ मॅच हरलेली मुंबई इंडियन्स आणि तुमचा घसरता गल्ला

"तीन-चार महिने झाले, धंदा सलग खाली चाललाय. ऑफर लावू, जाहिरात करू की कर्ज काढू?" या आठवड्याचा व्हिडिओ याच प्रश्नावर होता. त्यात मुंबई इंडियन्सच्या २०२२ च्या हंगामाचं उदाहरण दिलं होतं, पण दहा मिनिटांत ते अर्धंच राहिलं. इथे ते आकड्यांसकट नीट बघू. अंधेरीत मोबाइल ॲक्सेसरीज विकत असाल, घाटकोपरला ड्रेस मटेरियल किंवा मुलुंडला किराणा, हिशोब सगळ्यांना सारखाच लागू होतो.

झालं काय होतं?

मुंबई इंडियन्स म्हणजे तेव्हा ५ वेळा आयपीएल जिंकलेली टीम. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२०. कॅप्टन आपल्या बोरिवलीत लहानाचा मोठा झालेला रोहित शर्मा. त्यात २०२२ ला साखळीतले सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच होते, म्हणजे लांबच्या प्रवासाची सबबही नाही. तरी २७ मार्च ते २४ एप्रिल या काळात टीम पहिल्या ८ च्या ८ मॅच हरली. हंगामाची अशी सुरुवात आयपीएलमध्ये त्याआधी कुणाचीच झाली नव्हती. शेवटी १४ पैकी ४ विजय आणि १० टीमांत १०वा नंबर.

लोक म्हणाले, नशीब फिरलं. दुकानदारही असंच म्हणतो, "मार्केटच डाऊन आहे." मार्केट डाऊन असतंही कधीकधी. पण त्याच मार्केटमध्ये त्याच वर्षी गुजरात टायटन्स ही नवी टीम ट्रॉफी घेऊन गेली, आणि तिचा कॅप्टन होता आदल्या वर्षीपर्यंत मुंबईकडून खेळणारा हार्दिक पांड्या. म्हणून आधी आपल्या घरात बघायचं.

पहिली गोष्ट: भांडवल कुठे अडकलं?

त्या वर्षी मेगा ऑक्शन होतं. प्रत्येक टीमला ९० कोटींची मर्यादा. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड या चौघांना ठेवलं, त्यात ४२ कोटी गेले. उरले ४८. त्यातून ईशान किशनला १५.२५ कोटी, टिम डेव्हिडला ८.२५ कोटी आणि जोफ्रा आर्चरला ८ कोटी. झाले ३१.५ कोटी. बाकी अख्खी टीम उरलेल्या १६.५ कोटींत उभी करायची होती.

यातला आर्चर कोपराच्या दुखापतीमुळे २०२२ मध्ये खेळणार नाही हे घेतानाच माहीत होतं. पुढच्या वर्षांसाठी केलेली ती गुंतवणूक होती. ती चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो, पण या वर्षीच्या बॉलिंगमध्ये तेवढी जागा रिकामी राहिली हे नक्की. ट्रेंट बोल्टही राजस्थानकडे गेला होता.

दुकानात याला आपण काय म्हणतो? दिवाळीचा माल आषाढात भरून ठेवणं. माल चांगला असतो, उद्या विकलाही जाईल. पण आज भाडं, पगार आणि हप्ता द्यायला तो कामाला येत नाही.

दुसरी गोष्ट: दुखापती

सूर्यकुमारच्या अंगठ्याला फ्रॅक्चर होतं, पहिल्या दोन मॅच तो नव्हता. तिसऱ्या मॅचला आला, ५२ रन केले, तरी टीम हरली. शेवटच्या ओव्हर्स टाकायला घेतलेला टायमल मिल्स घोट्याच्या दुखापतीने हंगामातून बाहेर गेला. डावखुरा अर्शद खानही दुखापतीने बाहेर. मे महिन्यात सूर्यकुमारच्या हाताला पुन्हा दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला.

माणूस जखमी होणं आपल्या हातात नाही. त्याच्या जागी कोण उभं राहणार, हे मात्र आधी ठरवता येतं. तुमच्याकडे सगळे रेट तोंडपाठ असलेला एकच काउंटरवाला आहे आणि तो गणपतीला १५ दिवस गावी जातो. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी आपली धांदल उडते!

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट: गळती

त्या ८ पराभवांचे सरळ दोन गट पडतात.

मुंबईने आधी बॅटिंग केली आणि स्कोअर राखता आला नाही, अशा ४ मॅच: दिल्लीविरुद्ध १७७, कोलकात्याविरुद्ध १६१, बंगळुरूविरुद्ध १५१ आणि चेन्नईविरुद्ध १५५.

आधी बॉलिंग केली आणि नंतर पाठलाग जमला नाही, अशाही ४. त्यातल्या तिघांत समोरच्यांनी १९३, १९८ आणि १९९ केले होते.

बॅटिंगही काही मॅचमध्ये कमी पडली, खोटं कशाला बोला. पण आत शिरून ओव्हरमागे ओव्हर बघा. पहिल्याच मॅचला दिल्लीचे १०४ वर ६ गेले होते. मॅच मुठीत होती. पुढे एकही विकेट पडली नाही आणि दिल्ली १० बॉल राखून जिंकली. डॅनियल सॅम्सच्या एका ओव्हरमध्ये २४ गेले. ६ एप्रिलला पुण्यात कोलकात्याला ३० बॉलमध्ये ३५ हवे होते. पॅट कमिन्सने ते सॅम्सच्या एकाच ओव्हरमध्ये काढले. चेन्नईविरुद्ध धोनीने शेवटच्या ४ बॉलमध्ये १६ घेतले.

मग बुमराह काय करत होता? तो त्याचं काम चोख करत होता. पण टी-ट्वेंटीत एका बॉलरला २० पैकी ४ च ओव्हर मिळतात. उरलेल्या १६ कुणी टाकायच्या? ९ मे रोजी कोलकात्याविरुद्ध बुमराहने फक्त १० रन देऊन ५ विकेट घेतल्या आणि त्या दिवशीही मुंबई ५२ रनांनी हरली. एकट्या हुशार माणसावर दुकान चालवणाऱ्यांनी ही मॅच कायम लक्षात ठेवावी.

आता हेच तुमच्या गल्ल्यात बसवू

समजा महिन्याची विक्री ६ लाख आणि मार्जिन १५ टक्के. हातात आले ९० हजार. त्यातून भाडं, पगार, लाइट बिल, हप्ता. आता त्याच महिन्यात ९ हजारांचा माल एक्सपायर झाला किंवा खराब निघाला आणि ६ हजारांची उधारी बुडाली. गळती १५ हजार.

ही गळती विक्री वाढवून भरायची म्हटली तर किती विकावं लागेल? १५ टक्के मार्जिनने १ लाख जास्त! तेसुद्धा मंदीत, डिस्काउंट न देता. डिस्काउंट दिला तर आणखी जास्त. आणि गळती बंद करायला काय लागतं? एक वही आणि रोजची १० मिनिटं.

म्हणून सलग हार चालू असताना कर्ज काढून ऑफर लावणं धोक्याचं. फुटक्या टाकीत तुम्ही टँकर मागवताय. टाकी तर भरत नाहीच, वर टँकरचं बिल डोक्यावर बसतं.

साखळी तुटली कशी?

३० एप्रिलला नवव्या मॅचमध्ये मुंबईने राजस्थानला हरवलं. त्या दिवशी कुमार कार्तिकेय हा स्पिनर पहिल्यांदा आयपीएल खेळला. अर्शदच्या जागी त्याला घेतलं होतं २० लाखांत. ४ ओव्हर, १९ रन, १ विकेट. हा मुलगा आधीपासून टीमच्या सपोर्ट स्टाफसोबत सराव करत होता. बदली माणूस घरातच तयार होता.

पुढची मॅच ६ मेची. गुजरातला शेवटच्या ओव्हरमध्ये ९ हवे होते. बॉल कुणाकडे? त्याच सॅम्सकडे, ज्याने एका ओव्हरमध्ये ३५ दिले होते. मधले काही सामने तो बाहेर बसला, परत आला आणि त्या ओव्हरमध्ये दिले फक्त ३. मुंबई ५ रनांनी जिंकली. एका वाईट दिवसावरून माणसाला काढून टाकलं असतं तर ही ओव्हर कोण टाकणार होतं?

या आठवड्यात करायची ४ कामं

१. गेल्या ८ आठवड्यांचा हिशोब आठवड्यानुसार वेगवेगळा लिहा. प्रत्येक आठवड्यापुढे दोन रकाने: कमी विकलं म्हणून किती गेलं, आणि गळतीत किती गेलं. गळतीत एक्सपायरी, उधारी, रिटर्न, चुकीचं बिल, सगळं धरा.

२. सगळ्यात महाग ओव्हर शोधा. बहुतेक वेळा गळतीचा मोठा भाग एक-दोन ठिकाणांहूनच जात असतो. ती आधी बुजवा, बाकीची नंतर.

३. दुकानातल्या प्रत्येक कामासमोर दोन नावं लिहा. दुसरं नाव सापडत नाही तिथे तुमची पुढची दुखापत लपलेली आहे. रेट लिस्ट आणि व्यापाऱ्यांचे नंबर एका वहीत आणा, म्हणजे नवा पोरगाही काउंटर सांभाळेल.

४. तीन महिन्यांत हलणार नाही असा माल वेगळा काढा आणि त्यात किती पैसे अडकलेत तो आकडा लिहा. तो आकडा बघितल्याशिवाय कर्जाच्या अर्जावर सही करू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एवढं करून मुंबईचा तो हंगाम वाचला नाही, टीम शेवटच्या नंबरवरच राहिली. तुमचाही एखादा सीझन हातचा जाईल. पण सूर्यकुमारच्या जागी त्या मे महिन्यात आकाश मधवाल नावाच्या बॉलरला घेतलं होतं, तोही सपोर्ट टीममधलाच. २०२२ मध्ये त्याला एकही मॅच मिळाली नाही. पुढच्या वर्षी बुमराह पाठीच्या दुखापतीने पूर्ण हंगाम बाहेर होता, आणि २४ मे २०२३ ला एलिमिनेटरमध्ये याच मधवालने लखनौविरुद्ध ५ रन देऊन ५ विकेट घेतल्या.

वाईट वर्षात तयार केलेला माणूस असा पुढच्या वर्षी कामाला येतो. आज रात्री शटर ओढायच्या आधी १० मिनिटं काढा आणि पहिलं काम सुरू करा. गळतीचा रकाना विक्रीच्या रकान्यापेक्षा मोठा निघाला तर घाबरू नका, उलट ती बरी बातमी आहे. गिऱ्हाईक आणणं आपल्या हातात पूर्ण नसतं, गळती बुजवणं असतं. पुढच्या व्हिडिओत उधारीची वही कशी ठेवायची आणि गिऱ्हाईक न तोडता पैसे कसे मागायचे, ते बघू.