आजचा रशिया आणि आपले जुने समज

मराठी वाचकाच्या मनातला रशिया बराचसा पुस्तकांतून आलेला आहे. ‘मीर’, ‘रादुगा’ आणि ‘प्रगती’ या प्रकाशनांची स्वस्त, देखणी पुस्तकं लोकवाङ्मय गृहातून घरोघरी पोचली. अण्णा भाऊ साठे १९६१ साली तिकडे जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा हे जुने बंध पुन्हा आठवले गेले. पण अण्णा भाऊ गेले तो देश होता सोव्हिएत संघ, आणि तो डिसेंबर १९९१ मध्ये संपला. त्याच्या जागी १५ स्वतंत्र देश उभे राहिले. रशिया त्यांतला सर्वांत मोठा. अण्वस्त्रं आणि सुरक्षा परिषदेतली कायमची जागा त्याच्याकडे आली. तरीही तो पंधरांतला एकच देश आहे. आपल्याकडच्या चर्चेतले बरेच गोंधळ हा फरक विसरल्यामुळे होतात.

त्यातला सर्वांत सरधोपट समज असा, की रशिया आजही कम्युनिस्ट आहे. १९९३ च्या राज्यघटनेनुसार तिथे कोणतीही विचारसरणी सरकारी म्हणून लादता येत नाही. कम्युनिस्ट पक्ष संसदेत आहे, पण सत्ता ‘युनायटेड रशिया’ या पक्षाकडे आहे. १९९२ पासून सरकारी कारखान्यांचं खासगीकरण झालं. तेल आणि धातूंच्या प्रचंड कंपन्या मूठभरांच्या हाती गेल्या. २००१ पासून जवळपास २० वर्षं गरीब-श्रीमंत सगळ्यांना उत्पन्नावर सरसकट १३ टक्के कर होता, जो कुठल्याही समाजवाद्याला मान्य झाला नसता. पुढे पुतिन यांच्या काळात ऊर्जाक्षेत्राचा मोठा भाग पुन्हा सरकारच्या मुठीत आला, पण समाजवाद काही परतला नाही. बाजार आहे, अब्जाधीश आहेत आणि त्यांच्यावर क्रेमलिनची नजर आहे. २००३ मध्ये ‘युकोस’ या तेल कंपनीचे प्रमुख मिखाईल खोदोरकोव्स्की यांना अटक झाली आणि ते दहा वर्षं तुरुंगात राहिले. त्यातून इतर धनिकांनी घ्यायचा तो बोध घेतला.

‘१९७१ मध्ये रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला’ हे वाक्य तर आपल्याकडे प्रत्येक वादात येतं. ९ ऑगस्ट १९७१ चा मैत्री करार सोव्हिएत संघाशी झाला होता, आणि त्या संघात युक्रेनही होता. नौदलाची विमानवाहू नौका आयएनएस विक्रमादित्य रशियाकडून विकत घेतली, हे खरं. पण तिची मूळ बांधणी झाली ती युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या गोदीत. हवाई दलाची एएन-३२ विमानं कीवच्या ‘आंतोनोव्ह’ची. सोव्हिएत काळातल्या मदतीबद्दल कृतज्ञता बाळगायची, तर तिचे वाटेकरी आज एकमेकांशी लढत आहेत.

याच संदर्भात असंही ऐकू येतं, की युक्रेन हा मुळात रशियाचाच तुकडा. १ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनमध्ये सार्वमत झालं. ९० टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. रशियन भाषकांची मोठी वस्ती असलेल्या पूर्वेकडच्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क प्रांतांतही भरघोस बहुमत होतं. क्रिमियातसुद्धा निम्म्याहून जास्त मतं स्वातंत्र्यालाच मिळाली. १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रात युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडण्याचं कबूल केलं आणि त्याबदल्यात त्याच्या सीमांचा मान राखण्याचं वचन रशियाने दिलं. ‘नाटो’च्या विस्तारावर गंभीर चर्चा होऊ शकते, व्हायलाही हवी. पण हे सार्वमत आणि हे करारपत्र वगळून ती चर्चा प्रामाणिक राहत नाही. शिवाय रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर ‘नाटो’ रशियापासून लांब गेली नाही. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये तिचे सदस्य झाले, आणि एकट्या फिनलंडची रशियाशी सीमा सुमारे १३०० किलोमीटरची आहे.

देशाच्या आत डोकावलं तर आणखी एक चित्र पुसावं लागतं: सोनेरी केसांचे, चर्चमध्ये जाणारे, एकाच वंशाचे रशियन. रशियात १९० हून अधिक वांशिक गट नोंदले गेले आहेत. व्होल्गाकाठच्या बल्गारांनी दहाव्या शतकातच इस्लाम स्वीकारला होता, म्हणजे कीवच्या राज्याने ख्रिस्ती धर्म घेण्याच्याही आधी. काझान शहराच्या क्रेमलिनमध्ये, म्हणजे किल्ल्यात, ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल आणि कुल शरीफ मशीद एकाच तटबंदीत उभी आहेत. कास्पियन समुद्राजवळचं काल्मिकिया हे बौद्ध परंपरेचं प्रजासत्ताक युरोपात मोडतं. बैकाल सरोवराकाठचे बुर्यातही बौद्ध आहेत. आणि बहुसंख्य रशियन स्वतःला ऑर्थोडॉक्स म्हणवत असले, तरी नियमाने चर्चला जाणारे थोडेच.

ही विविधता म्हणजे पर्यटनाच्या माहितीपत्रकातली शोभा नव्हे. युद्धाचा भार कोणावर पडतो, हे तिच्यावरून कळतं. बुर्यातिया, तुवा, दागेस्तान अशा गरीब, दूरच्या प्रदेशांतून सैन्यात गेलेल्या आणि मेलेल्या तरुणांचं प्रमाण मॉस्कोच्या तुलनेत कितीतरी जास्त आहे. भरतीच्या वेळी मिळणारी मोठी रक्कम तिथल्या कुटुंबाला वर्षानुवर्षांच्या कमाईएवढी असते. सप्टेंबर २०२२ मध्ये ३ लाख राखीव सैनिकांना बोलावण्याचा हुकूम निघाला, तेव्हा दागेस्तानच्या मखाचकला शहरात बायका रस्त्यावर उतरून पोलिसांशी भिडल्या.

व्होडकाची गोष्टही जुनी झाली. रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत ६० च्याही खाली होतं, आणि त्यात दारूचा वाटा मोठा होता. सरकारने रात्रीची विक्री रोखली, जाहिरातींवर बंदी आणली, किमान किंमत ठरवून दिली. २०११ पर्यंत बिअर कायद्याने मद्यात मोडतच नव्हती, तीही मद्यात धरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार २००३ ते २०१६ या काळात तिथलं दरडोई मद्यसेवन ४३ टक्क्यांनी घटलं. २०१९ पर्यंत पुरुषांचं आयुर्मान ६८ च्या आसपास पोचलं होतं. सार्वजनिक आरोग्याचं हे खरंखुरं यश आहे.

‘सगळी रशियन जनता पुतिन यांच्यामागे आहे’ हा समज तपासायला सर्वांत कठीण. ‘लेवादा’ या स्वतंत्र संस्थेच्या पाहण्यांत ७० टक्क्यांहून अधिक लोक सैन्याच्या कारवाईला पाठिंबा देताना दिसतात. त्याच पाहण्यांत बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक लोकांना शांततेची बोलणीही हवी असतात. हे आकडे वाचताना उत्तर देणारा कुठे उभा आहे, ते पाहायला हवं. मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मॉस्कोतले एक स्थानिक लोकप्रतिनिधी अलेक्सेई गोरिनोव यांनी परिषदेच्या बैठकीत म्हटलं, की युक्रेनमध्ये मुलं मरत असताना आपण इथे मुलांच्या चित्रकला स्पर्धा कसल्या घ्यायच्या? त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. स्तालिनकाळातल्या बळींच्या नोंदी जपणारी ‘मेमोरियल’ ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने बरखास्त केली आणि पुढच्याच वर्षी तिला शांततेच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. युद्धविरोधी निदर्शनांत जवळपास २० हजार लोक पकडले गेले. भरतीच्या हुकुमानंतर दोनेक आठवड्यांत २ लाखांहून अधिक रशियन एकट्या कझाकस्तानात शिरले. मनापासून पाठिंबा देणारेही तिथे लाखोंनी आहेत, हे नाकारून चालणार नाही. पण दार ठोठावून विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा प्रत्येक जण त्यांच्यातला नाही.

रशियावरच्या पाश्चात्त्य निर्बंधांबद्दल दोन टोकांचे समज आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. रशियाची अर्थव्यवस्था कोसळली नाही. २०२२ मध्ये ती किंचित आकसली आणि २०२३ मध्ये साडेतीन टक्क्यांहून अधिक वाढली. पण या वाढीत रणगाडे आणि तोफगोळ्यांवरच्या सरकारी खर्चाचा वाटा मोठा आहे. महागाई आवरण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी परदेशात गोठलेली आहे. युरोपचा बाजार गमावलेल्या ‘गाझप्रोम’ या वायू कंपनीला २०२३ मध्ये शतकाच्या सुरुवातीपासूनचा पहिला वार्षिक तोटा झाला.

रशिया एकटा पडला, हेही अर्धंच खरं. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला, ५ विरोधात गेले आणि भारतासह ३५ तटस्थ राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ब्रिक्स’च्या परिषदेसाठी यांतले अनेक देश काझानला जमले. चीनशी व्यापार २०२३ मध्ये सुमारे २४० अब्ज डॉलरवर गेला. पण या नात्यात गरज कोणाला जास्त आहे, हे उघड आहे. आणि ज्यांना मॉस्को आपल्या अंगणातले मानतो, ते शेजारी सावध झालेत. कझाकस्तानचे अध्यक्ष तोकायेव यांनी जून २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या व्यासपीठावर, पुतिन शेजारी बसलेले असताना, दोनेत्स्क आणि लुहान्स्क यांना देश म्हणून मान्यता देणार नाही असं सांगितलं. अझरबैजानशी संघर्षात मदत न मिळाल्याने दुखावलेल्या आर्मेनियाने २०२४ मध्ये रशियाप्रणीत लष्करी संघटनेतला सहभाग थांबवला.

भारताशी असलेलं नातंही जसंच्या तसं राहिलेलं नाही. नाशिकजवळच्या ओझरला सुखोई विमानं घडली, ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्र दोन्ही देशांनी मिळून उभारलं. तरी भारताच्या शस्त्र-आयातीतला रशियाचा वाटा, स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या मोजणीनुसार, २००९–१३ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०१९–२३ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. उलट भारताच्या तेल-आयातीत २०२२ आधी नगण्य असलेला रशियन तेलाचा वाटा दोन वर्षांत एक तृतीयांशाच्या पुढे गेला, कारण ते तेल सवलतीत मिळत होतं. २०२३-२४ मधल्या सुमारे ६५ अब्ज डॉलरच्या व्यापारात भारताची निर्यात ४ अब्जांच्या थोडी वर होती.

याच काळात कामाच्या आमिषाने तिकडे गेलेले काही भारतीय तरुण थेट युद्धआघाडीवर पोचले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी हा विषय पुतिन यांच्यापुढे काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार अशी १२६ प्रकरणं समोर आली होती. ९६ जण परतले होते, १२ मारले गेले होते आणि १६ बेपत्ता होते.