क्यूआर कोडच्या पलीकडची वीज आणि पाणी

मराठवाड्यातल्या हिमायतनगरच्या बाजारात सोयाबीनचं बियाणं घेतलं, क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2018 च्या आदेशामुळे अशा व्यवहाराची माहिती भारतातच साठवावी लागते. ती राहते डेटा सेंटरमध्ये, म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांच्या अवाढव्य इमारतीत. महाराष्ट्रात अशा इमारतींची दाटी ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात आहे.

संगणकात गेलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. एक मेगावॉट उष्णता वाफेवाटे बाहेर काढायची, तर दिवसाला सुमारे 35 हजार लिटर पाणी उडून जातं. टँकरची वाट पाहिलेल्या मराठवाड्याला या आकड्याची फोड करून सांगायला नको. हवेवर थंड करणारी यंत्रणा पाणी वाचवते, पण सहसा वीज जास्त खाते. मुंबईच्या वाढत्या वीजमागणीत ही केंद्रंही आहेत. ती भागवायला मुंबईतल्याच ट्रॉम्बेच्या कोळशावरच्या वीजसंचाला 2023 च्या अखेरीस मुदतवाढ मिळाली. धूर शेजारच्या माहुलच्या रहिवाशांच्या वाट्याला.

रोजगाराचं म्हणाल तर बांधकामापुरती गर्दी. नंतर मोजके तंत्रज्ञ, बाकी बहुतेक कंत्राटी सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार. गुंतवणुकीच्या कोटींवरून नोकऱ्यांचा हिशेब मांडू नये.

नियमांची गंमत वेगळीच. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत डेटा सेंटर हा स्वतंत्र प्रकारच नाही. बांधकाम 20 हजार चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर मॉल-टॉवरसारखी इमारत म्हणून मंजुरी लागते. निकष क्षेत्रफळाचा, मेगावॉटचा नव्हे.