रॉक मशीन ते इंडस क्रीड: माणसं बदलली, मग बँड तोच राहतो का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' तेवढे काढून टाकलेत, बाकी गप्पा त्याच.

आजचा प्रश्न ऐकायला सोपा आहे. एका बँडमधून गायक गेला. मग बास वाजवणारा गेला, मग ड्रमर गेला. पोस्टरवर नाव मात्र तेच. तर मग तो बँड तोच का? आणि उलटं झालं तर? माणसं बरीचशी तीच, पण नाव बदललं. मग तो नवा बँड का? लाइनअप, म्हणजे कोण गातं आणि कोण काय वाजवतं याची यादी, हा हेवी रॉकमधला कायमचा भांडणाचा विषय आहे. आज त्याचा सोक्षमोक्ष लावायचा प्रयत्न करू.

बँडलाही व्हर्जन नंबर असतो

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे डीप पर्पलची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधला हा बँड 1968 मध्ये सुरू झाला. माणसं इतक्यांदा बदलली की चाहत्यांनी प्रत्येक संचाला नंबरच देऊन टाकले: मार्क 1, मार्क 2, मार्क 3. 1969 मध्ये इयान गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले, तो मार्क 2. 'स्मोक ऑन द वॉटर' याच संचाचं. 1973 मध्ये हे दोघं गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले, तो मार्क 3. अगदी आपल्या ॲपचे अपडेट यावेत तसं. या सगळ्या व्हर्जनमध्ये कायम असलेला माणूस एकच, ड्रमर इयान पेस.

ब्लॅक सॅबथमध्ये ती जागा गिटारवाल्या टोनी आयोमीची. तिथंही किती गायक आले आणि गेले. पण 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅममध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा लोकांना मूळचेच चौघं एकत्र हवे होते, आणि ते आले. म्हणजे बघा, लोक नवं व्हर्जन चालवून घेतात, पण पहिलं विसरत नाहीत.

ही झाली परदेशातली गोष्ट. आपल्याकडं हेच नाट्य मुंबईत घडलंय, आणि ते आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं.

1984, मुंबई

1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. सुरुवातीला गायक होता इयान सांतामारिया. पुढं माइक आला उदय बेनेगलकडं, आणि तिथून जो संच जमला तोच बहुतेकांच्या डोक्यात 'खरा' रॉक मशीन म्हणून बसलाय. यादी देतो:

गायन: उदय बेनेगल
गिटार: महेश तिनईकर आणि जयेश गांधी
बास: मार्क सेल्विन
ड्रम्स: मार्क मेनेझिस
कीबोर्ड: झुबिन बालापोरिया

ही नावं एका दमात वाचा. सारस्वत, गुजराती, ख्रिश्चन, पारशी. मुंबईची लोकल ट्रेनच जणू स्टेजवर चढलीय.

तेव्हा इंटरनेट नाही, यूट्यूब नाही. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये बाहेरच्या बँडची गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या मिळायच्या. स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक चहा प्यायला उठायचे. अशा काळात या मंडळींनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी गाण्यांचे अल्बम काढले: 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि 1990 मध्ये 'द सेकंड कमिंग'. मला विचाराल तर त्यांचं खरं धाडस तेच. लांब केस तर कुणीही वाढवतं.

नाव बदललं, माणसं नाही

1991 मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही भारतात आलं. आता आपला बँड सगळ्या आशियाच्या रांगेत उभा. 'रॉक मशीन' हे नाव कुठल्याही देशातल्या बँडला शोभलं असतं. 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. इंडस म्हणजे आपली सिंधू. नावातच पत्ता आला. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये आशिया विभागाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. 1995 मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला.

आणि 1997 मध्ये बँड संपला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथं 'आम्स फॉर शांती' नावाचा नवा बँड त्यांनी काढला.

मग जवळपास 13 वर्षं काही नाही. 2010 मध्ये इंडस क्रीड परत उभा राहिला आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. आता यादी परत वाचू. उदय बेनेगल आहे, महेश तिनईकर आहे, झुबिन बालापोरिया आहे. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी, दोघंही पुढच्या पिढीतले. वरच्या यादीतल्या सहापैकी तिघं राहिले.

1988 चा अल्बम आणि 2012 चा अल्बम एकापाठोपाठ लावून बघा. आवाज ओळखू येतो, गिटारची सही ओळखू येते. पण खालची जमीन बदललीय. बास आणि ड्रम्स म्हणजे घराचा पाया. आपलं लक्ष असतं गच्चीवरच्या लायटिंगकडं, म्हणजे गायक आणि लीड गिटारकडं. पण हेवी रॉक 'हेवी' होतो तो पायामुळं. पाया नवा घातला की वरचं घर तेच असूनही चालताना वेगळं वाटतं.

लोक सोडून का जातात?

आपल्याला वाटतं भांडणं होतात म्हणून. होतात की! पण आपल्याकडं त्याहून साधी कारणं आहेत.

पहिलं, पैसा. इंग्रजीत हेवी रॉक वाजवून भारतात घर चालवणं आजही अवघड आहे. मुंबईच्याच पेंटाग्राममध्ये वर्षानुवर्षं तीच चौकडी टिकली, पण त्यांचा गायक विशाल ददलानी दुसरीकडं हिंदी सिनेमाला संगीत देत होता. पोट बँडवर अवलंबून नसलं की बँड जास्त टिकतो. विचित्र आहे, पण खरं आहे.

दुसरं, जागा. मुंबईत धोबीतलावला रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. 1986 मध्ये सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' तिथंच व्हायचा. मुंबईच्या रॉकवाल्यांचं ते पंढरपूर. पण शेजारी हॉस्पिटल आणि कॉलेज. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत अशा ठिकाणांभोवती किमान 100 मीटर शांतता क्षेत्र धरलंय. 2003 च्या सुमारास रंगभवनातले कार्यक्रम बंद झाले. नियमामागचं कारण चुकीचं नाही, आजारी माणसाला झोप लागते. पण पर्यायी जागा मिळाली नाही की बँडची भेटायची सवय मोडते, आणि सवय मोडली की माणसं पांगतात.

तिसरं, ड्रम्स. गिटार पाठीला लावून एसटीत बसता येतं. ड्रमचा पूर्ण सेट कुठं ठेवणार? दोन खोल्यांच्या घरात? वाजवायला लागलात की खालचे काका वर येणार. म्हणून ड्रमर कमी, आणि एकेक ड्रमर तीन-तीन बँडमध्ये. लाइनअप सगळ्यात आधी तिथंच फाटतं.

बस फॅक्टर

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, बस फॅक्टर. तुमच्या टीममधली किती माणसं उद्या अचानक गायब झाली तर प्रोजेक्ट बंद पडेल? तो आकडा म्हणजे बस फॅक्टर. आकडा 1 असेल तर जपून राहा.

मुंबईचाच डेमॉनिक रिझरेक्शन हा मेटल बँड घ्या. 2000 मध्ये साहिल मखिजानं तो सुरू केला. गिटारवाले बदलले, बास बदलला, ड्रमर बदलले. साहिल मात्र पहिल्यापासून कायम: गाणं त्याचं, गिटार त्याची, रेकॉर्ड लेबलही त्यानंच काढलं. शिवाय यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम करतो, तो वेगळाच! म्हणजे या बँडचा बस फॅक्टर 1. नाव एक, माणूस एक, बाकी जागा फिरत्या.

त्यांचा 2017 चा अल्बम आहे 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. मी तो पहिल्यांदा पूर्ण ऐकला आणि मग घाट उतरून वेरूळला गेलो, आमच्यापासून चार-पाच किलोमीटर. तिथलं 15 नंबरचं लेणं दशावतार नावानंच ओळखतात. आत नरसिंह हिरण्यकश्यपूवर झेपावतोय, दगडात. एकच देव, दर वेळी शरीर नवं. लाइनअपबद्दल याहून चांगलं चित्र मला सापडलेलं नाही.

मग भजनी मंडळ का टिकतं?

इथं एक गोष्ट खटकते. आमच्या खुलताबादला उरुसात कव्वाली होते. गावागावात भजनी मंडळं आहेत. पखवाजवाले आजोबा गेले की त्यांचा नातू बसतो, पेटीवाला बदलतो, टाळकरी तर दर गुरुवारी वेगळे. तरी मंडळ तेच. कुणी विचारत नाही की हे 'खरं' मंडळ का.

कारण तिथली गाणी कुणा एकाची नसतात. अभंग सगळ्यांना पाठ असतो. नवा माणूस आला, मांडी घातली, सुरू झाला. रॉक बँडचं तसं नाही. गाणी त्याच चार-पाच डोक्यांतून आलेली असतात, आणि बऱ्याचदा त्याच डोक्यांतच राहतात. डोकं गेलं की गाणं गेलं.

हे मला जवळून माहीत आहे. इंजिनिअरिंगला असताना संभाजीनगरात आमचा चौघांचा बँड होता. पाच गाणी स्वतःची. मग कॅम्पस प्लेसमेंट आलं. ड्रमर पुण्याला, बासवाला बंगळूरला, गायक घरच्या दुकानावर. आज त्या पाचांपैकी एकही गाणं आमच्यातल्या कुणालाच एकट्यानं पूर्ण वाजवता येत नाही. माझी गिटार मला येते, मधला भाग बासवाल्याला आठवतो, शब्द गायकाकडं.

मागच्या महिन्यात ड्रमरनं ग्रुपवर मेसेज टाकला. पुण्यात नवी पोरं भेटलीत, आपलं जुनं नाव आणि जुनी गाणी घेऊन सुरू करू का? दोन दिवस ग्रुपवर शांतता. गायकाला राग आला होता, आणि तो मला समजतही होता. शब्द त्याचे होते ना.

मी माझं मत सांगितलं. गाणी घे, पण ज्यानं लिहिली त्याचं नाव प्रत्येक ठिकाणी लाव. आणि बँडचं नाव नवं ठेव. तीन माणसं राहिली असती तर जुनं नाव चाललं असतं, इंडस क्रीडसारखं. किंवा सगळी गाणी एकानंच केली असती, साहिलसारखी, तरी चाललं असतं. पण चौघांनी केलेली गाणी आणि चौघांतला एकच माणूस, हे जमत नाही. गायकानं अंगठा दिला. ड्रमरनं अजून काही लिहिलेलं नाही.

तुमचा बँड असेल तर

तीन कामं आजच करा.

एक, प्रत्येक गाणं रेकॉर्ड करा, फोनवर का होईना, आणि प्रत्येक वाद्य वेगळंही वाजवून ठेवा. कॉर्ड आणि शब्द एका फाइलमध्ये लिहा. फाइल सगळ्यांकडं हवी.

दोन, कुणी काय लिहिलं ते मैत्री चांगली असतानाच लिहून ठेवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे धरले जातात. भांडण झाल्यावर हे ठरत नाही.

तीन, यूट्यूब आणि इन्स्टाचे पासवर्ड निदान दोघांकडं ठेवा. बस फॅक्टर 2 करा.

तर माझं उत्तर असं: गाणी जेवढ्या जणांच्या हातात पोचलीत, तेवढा बँड टिकतो. पोस्टरवरचं नाव त्यानंतर येतं.

या आठवड्याचा गृहपाठ: 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि 'इव्हॉल्व्ह' मागोमाग ऐका, आणि फक्त बास आणि ड्रम्सकडं लक्ष द्या. फोनच्या स्पीकरवर नको, बास ऐकूच येत नाही त्याच्यावर. इअरफोन शोधा. भेटू पुढच्या भागात!