जुनी पाठदुखी : दुखणे पाठीत, मूळ कोठे?

'डॉक्टर, कंबर धरलीय' ही तक्रार नाही असा दिवस दवाखान्यात क्वचितच जातो. दिवसभर वाकून भांगलण करणाऱ्या स्त्रिया, पोती उचलणारे हमाल, ट्रकचालक, शिलाई मशीनवर बसणारे आणि आता संगणकासमोर बसणारी तरुण मंडळी, पाठदुखी कोणालाच सोडत नाही. यांपैकी बहुतेकांचे दुखणे स्नायू ताणल्याचे असते आणि ते चार ते सहा आठवड्यांत कमी होते. तीन महिने उलटूनही जी हटत नाही ती जुनी पाठदुखी. तिचे कारण शोधावे लागते.

पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांपैकी कंबरेच्या पाच मणक्यांवर सर्वांत जास्त भार येतो. दोन मणक्यांमध्ये गादीसारखी चकती असते. ती सरकून शेजारच्या नसेवर दाब आला, तर कंबरेपासून मांडी-पोटरीतून पावलापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. खोकताना-शिंकताना कळ वाढते. हीच सायटिका. बहुतेक रुग्णांत ती शस्त्रक्रियेविना बरी होते. उतारवयात मज्जारज्जूची पोकळी अरुंद झाली, तर थोडे चालताच पाय भरून येतात आणि खाली बसले की बरे वाटते.

मात्र 'मणक्यात गॅप आहे' असे कोणी सांगितले की घाबरून जाऊ नये. १९९४ साली अमेरिकेत, पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांची एमआरआय तपासणी करण्यात आली. त्यांतील ५२ टक्के लोकांच्या एखाद्या तरी चकतीला फुगवटा आढळला! केस पांढरे व्हावेत तशा वयपरत्वे चकत्याही झिजतात. म्हणून नुसत्या फोटोवरून निदान होत नाही; दुखण्याची हकिगत आणि तपासणी यांच्याशी तो जुळावा लागतो.

आता ज्या कारणांकडे दुर्लक्ष होते ती पाहू.

पहिले कारण मणक्याचा क्षय. क्षय म्हणजे खोकला, अशी आपली समजूत असते. परंतु मणक्याच्या क्षयात खोकला असेलच असे नाही. एकाच जागी हळूहळू वाढणारे, रात्रीही न थांबणारे दुखणे, संध्याकाळची कणकण, मंदावलेली भूक आणि घटणारे वजन ही त्याची लक्षणे. सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो. एमआरआयमध्ये रोग लवकर दिसतो. वेळ गेली तर मणका खचून कुबड येते, मज्जारज्जू दबून दोन्ही पाय लुळे पडू शकतात. वेळीच ओळखला तर हा रोग औषधांनी बरा होतो. औषधे साधारण वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत.

दुसरे कारण तरुणांमधील सांध्यांची सूज. पंचविशीतला मुलगा सकाळी उठताना लाकडासारखा आखडलेला असतो, अर्धा-पाऊण तास हालचाल केल्यावर मोकळा होतो, विश्रांतीने मात्र दुखणे वाढते. पहाटे दुखण्याने जाग येते. घरचे त्याला आळशी ठरवतात! हा अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. उपचार व व्यायाम लवकर सुरू केल्यास पाठीचा ताठरपणा बराच टाळता येतो.

तिसरे कारण हाडांचा ठिसूळपणा. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये साध्या धक्क्यानेही मणका पिचतो. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले, रात्रंदिवस छळणारे दुखणे असेल, तर अन्य अवयवांतील कर्करोग मणक्यात उतरलेला नाही ना, हेही पाहावे लागते.

कधी कधी मूळ पाठीत नसतेच. मुतखड्याची कळ बाजूला उठून जांघेत उतरते. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झाल्यास पाठदुखीसोबत थंडी-ताप येतो. गर्भाशयाच्या काही विकारांतही कंबर दुखते. 'सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे' वर्षानुवर्षे कंबर दुखते हा समज मात्र बरोबर नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखते, एवढेच. बाळंतपणात सैल पडलेले स्नायू आणि बाळाला पाजताना वाकून बसणे, ही खरी कारणे असतात.

सर्व तपासण्या होऊनही अनेकांना एकच एक कारण सापडत नाही. त्यांचे दुखणे खोटे नसते. अपुरी झोप, मनावरील ताण, दुखेल या भीतीने बंद केलेली हालचाल यांनी ते टिकून राहते. अशांना रोजचे चालणे आणि शिकून केलेला व्यायाम पट्ट्यापेक्षा व अंथरुणापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांनी जठरात व्रण होतो, मूत्रपिंडे बिघडतात आणि मूळ रोग झाकलेला राहतो. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. हलका स्पर्श असेल तोवर ठीक. पण पिचलेल्या किंवा किडलेल्या मणक्यावर लाथ बसली तर अनर्थ होईल.

पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्रीची वेदना किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांपैकी काहीही असल्यास, तीन महिन्यांची वाट न पाहता, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर सकाळचीही वाट पाहू नये. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टींचे उत्तर ठरवून जावे : कोठे दुखते, केव्हापासून दुखते, कशाने वाढते वा कमी होते आणि सोबत दुसरे काय होते. निम्मे निदान या चार उत्तरांतच असते.