खेळण्यांची दुनिया (भाग ७) : हुबेहूब बाहुली कुणासाठी?

मागच्या भागात आपण ठकीजवळ थांबलो होतो. लाकडाच्या ठोकळ्यातून कोरलेलं अंग, रंगानं ओढलेले डोळे, नाक म्हणजे नुसता उंचवटा. तिच्या जोडीला चिंध्यांची बाहुली, जिचा चेहरा घरातल्या कुणीतरी काजळाच्या ठिपक्यांत उरकलेला. एवढ्या भांडवलावर भातुकलीत लग्नं लागली, मानपान झाले, विहिणी रुसल्या. नवरी माणसासारखी दिसत नाही म्हणून बाहुला-बाहुलीचं लग्न मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आजची बाहुली अगदी उलट टोकाची. तिचे डोळे मिटतात, केस विंचरता येतात, ओठ किंचित विलग असतात आणि रात्री एकटं असताना तिच्याकडे पाठ करून बसायला मोठी माणसंही कचरतात. तिच्याबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद घालणाऱ्यांची सोय होईल. हुबेहूबपणाचा हट्ट मुलांनी धरलेला नाही. तो मोठ्यांचा आहे, आणि त्यातून निघालेली भीतीही बरीचशी मोठ्यांचीच आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुकानातली भारी बाहुली म्हणजे लहान आकारातली प्रौढ बाई असे, कंबर आवळलेली आणि फॅशनचे कपडे घातलेली. पुढे फ्रान्समध्ये लहान मुलीच्या रूपातली बाहुली आली. पॅरिसच्या ज्युमो कंपनीनं तिला नावारूपाला आणलं आणि जर्मनीतल्या थुरिंजियाच्या कारखान्यांनी तिची स्वस्त भावंडं ढिगानं काढली. चेहरा बिस्कचा, म्हणजे झिलई न दिलेल्या चिनी मातीचा. झिलई नसल्यामुळे तो चकाकत नाही, त्वचेसारखा मंद दिसतो. डोळे काचेचे आणि त्यांच्यामागे शिशाचं वजन. बाहुली आडवी केली की ते वजन डोळे फिरवून मिटवतं. कारागिरी दाद देण्यासारखीच. पण बाहुली हातातून निसटली की डोकं फुटलंच. त्यामुळे अनेक घरांत तिचा मुक्काम कपाटात असे आणि पोरीच्या वाट्याला ती येई ती जपून हाताळायच्या अटीवर.

मुलांना काय पुरतं, हे त्याच काळात दोघांनी विचारूनही पाहिलं. १८९० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल आणि ए. कॅसवेल एलिस यांनी प्रश्नावल्या पाठवून मुलं बाहुल्यांशी नेमकं काय करतात याची माहिती गोळा केली. उत्तरांत उशा निघाल्या, काठ्या, बाटल्या, कपड्यांचे चिमटे आणि भाज्याही निघाल्या. हे सगळं मुलांनी बाहुली मानून सांभाळलं होतं, झोपवलं होतं, आजारी पाडून बरं केलं होतं. काहींनी तर बाहुल्यांच्या अंत्ययात्राही काढल्या होत्या. (भातुकलीतल्या आपल्या लग्नांपुढे ही हौस अमंगळ वाटेल, पण खेळ म्हणून दोन्ही एकाच जातीचे.) बाहुलीत जीव घालण्याचं काम मूल स्वतः करतं. कारखान्यानं तो आधीच घालून दिला, तर मुलाला करायला उरतं काय?

हे कळायला थॉमस एडिसनला एक सपाटून अपयश यावं लागलं. तेही कळलं की नाही, कोण जाणे. १८९० मध्ये त्यानं बोलणारी बाहुली बाजारात आणली. उंची सुमारे ५५ सेंटिमीटर, डोकं जर्मन बिस्कचं, धड पत्र्याचं आणि त्या धडात छोटा फोनोग्राफ. कपडे न घातलेल्या बाहुलीची किंमत १० डॉलर, म्हणजे त्या काळी भक्कम रक्कम. ध्वनिमुद्रणाच्या प्रती काढायची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे कारखान्यात तरुण मुली बसवून प्रत्येक बाहुलीसाठी तेच बडबडगीत नव्यानं म्हणवून घ्यावं लागे. बाहुली बोलायला हवी तर हँडल फिरवायचं, तेही सारख्या वेगानं. पाच वर्षांचं पोर सारख्या वेगानं काय फिरवणार? हात जलद चालला की बाहुली किंचाळायची, मंदावला की घोगऱ्या आवाजात रेंगाळायची. मेणाच्या नळकांड्या थोड्याच दिवसांत झिजत, आणि प्रवासातल्या धक्क्यांनी यंत्र निखळून बसे. परत येणाऱ्या बाहुल्यांचा ओघ लागला आणि काही आठवड्यांतच विक्री थांबली. शिल्लक राहिलेल्या काही नळकांड्या अलीकडे अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या तंत्रानं, सुई न टेकवता, नुसत्या प्रकाशानं वाचल्या गेल्या. तो आवाज आज ऐकता येतो. खरखरीच्या पलीकडून एक मोठी बाई लहान मुलीचा आव आणून, जवळपास ओरडत, बडबडगीत म्हणते. भयपटासाठी याहून चांगला आवाज शोधून सापडणार नाही, आणि तो एका खेळण्यात भरलेला होता.

अंगावर येणाऱ्या या काट्याचा अभ्यास तसा जुना. १९०६ मध्ये एर्न्स्ट येंच या जर्मन डॉक्टरानं मांडलं की, समोरची वस्तू सजीव की निर्जीव असा संशय मनात रेंगाळत राहिला की माणूस अस्वस्थ होतो. उदाहरण म्हणून त्यानं ई. टी. ए. हॉफमन या लेखकाकडे बोट दाखवलं. हॉफमनच्या १८१६ च्या 'डेअर झांडमान' कथेत एक तरुण ऑलिंपिया नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. ती बोलते जेमतेम एक उद्गार, आणि त्याला तेवढ्यात जगातलं सगळं शहाणपण ऐकू येतं. ती यांत्रिक बाहुली निघते आणि तिचे उपटलेले डोळे पाहून तो वेडा होतो. १९१९ मध्ये फ्रॉइडनं येंचचा मुद्दा घेऊन त्याच्याशी भांडण काढलं. भांडताना तो एक गोष्ट ओघात सांगून गेला, जी मला त्याच्या साऱ्या सिद्धान्ताहून मोलाची वाटते. लहान मुलं बाहुली जिवंत होईल म्हणून घाबरत नाहीत. उलट ती जिवंत व्हावी अशीच त्यांची इच्छा असू शकते.

फ्रॉइडच्या पुष्कळ गोष्टी काळानं निकालात काढल्या. ही मात्र टिकली. अमेरिकेत किंबर्ली ब्रिंक आणि सहकाऱ्यांनी ३ ते १८ वर्षांच्या २४० मुलांना यंत्रमानवांच्या चित्रफिती दाखवल्या, काही उघडच यंत्रासारखे, काही माणसाच्या चेहऱ्याचे. साधारण नऊ वर्षांखालच्या मुलांना माणसासारखा चेहरा यंत्राहून जास्त विचित्र वाटला नाही. वय वाढलं तशी शहारण्याची सवय लागली.

मोठ्यांच्या शहारण्याचा आलेख १९७० मध्ये जपानी अभियंता मासाहिरो मोरी यांनी काढला. वस्तू माणसासारखी होत जाते तशी ती आवडू लागते. पण साम्य जवळजवळ पूर्ण होताना आवड एकदम कोसळते आणि किळस येते. या खड्ड्याला आज सगळे 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात. मोरींचं उदाहरण कृत्रिम हाताचं होतं. खरा समजून आपण तो हातात घेतो आणि त्याचा थंड, हाडं नसल्यासारखा स्पर्श जाणवतो. खड्ड्याच्या पलीकडच्या चढावर त्यांनी बुनराकू या जपानी नाट्यप्रकारातली बाहुली ठेवली. ती जवळून कुणालाही माणूस वाटत नाही, पण रंगमंचावर हलू लागली की प्रेक्षक तिच्यासाठी रडतात. आपल्या कळसूत्री बाहुल्यांचं बळही हेच. मोरींचा सल्ला असा की बनवणाऱ्यानं पूर्ण साम्याच्या मागे लागूच नये. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या क्रिस्टीन लूझर आणि थालिया व्हीटली यांनी बाहुलीचा चेहरा पायरीपायरीनं माणसात बदलत नेऊन लोकांना दाखवला. चेहरा माणसाकडे बराच झुकल्याशिवाय लोक त्याला जिवंत मानायला तयार नव्हते, आणि निवाडा करताना त्यांची सर्वांत जास्त भिस्त डोळ्यांवर होती. हॉफमननं ऑलिंपियाचे डोळेच उपटवले होते!

आता सिनेमा. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये चकी ही टीव्हीवरच्या जाहिरातींनी डोक्यावर घेतलेली, दुकानादुकानांत मिळणारी बाहुली आहे. मरणाऱ्या गुन्हेगाराचा जीव तिच्यात जातो आणि एक आई आपल्या मुलाला ती वाढदिवसाला घेऊन देते. म्हणजे भीतीचं मूळ खरेदीत. पाच वर्षांनी महेश कोठारे यांनी तीच कल्पना 'झपाटलेला'त मराठीत आणली, तेव्हा एक अडचण होती. १९९३ च्या महाराष्ट्रात अशी महागडी, बोलणारी बाहुली किती घरांत होती? आपल्याकडे बोलणारा बाहुला माहीत होता तो रंगमंचावरचा. यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रम कला रुजवली, त्यांचा अर्धवटराव घरोघरी ठाऊक झाला आणि रामदास पाध्ये यांनी तो वारसा दूरदर्शनपर्यंत नेला. कोठारे यांनी लक्ष्मीकांत बेर्डेंना शब्दभ्रमकार केलं, तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनीच घडवला आणि त्याला आवाज दिला दिलीप प्रभावळकरांनी. उसन्या कथेचं याहून चांगलं घरजावईकरण मराठी सिनेमात क्वचित झालं असेल.

माझ्या म्हणण्याला खरा धक्का देतो तोही तात्या विंचूच. त्या पिढीतली मुलं पलंगाखाली वाकून पाहत होती, मग मुलांना भीती वाटत नाही हे कसं? पण तात्या विंचू हुबेहूब कुठे आहे? थोराड चेहरा, उघडझाप करणारा जबडा. त्याला माणूस समजण्याची चूक कुणी करणार नाही. मुलं घाबरली ती त्याच्या चालण्याला, धमक्यांना आणि प्रभावळकरांच्या आवाजाला. एखाद्या कुकरमध्ये तो जीव शिरला असता तरी ती कुकरला घाबरली असती.

मोठ्यांची भीती चेहऱ्यावर पोसते, हे हॉलिवूडला पक्कं ठाऊक आहे. २०१३ च्या 'द कॉन्ज्युरिंग'मधल्या ॲनाबेलचा दात दाखवणारा, तडे गेलेला चेहरा आठवा. ज्या बाहुलीवरून ती बेतली, ती प्रत्यक्षात रॅगेडी ॲन जातीची आहे: कापडाची, लोकरीच्या लाल केसांची, त्रिकोणी नाकाची. ती तशीच पडद्यावर आणली असती तर प्रेक्षकांनी उचलून घरी नेली असती. भीती नको असते तिथे मात्र हुबेहूब बाहुली हमखास घात करते. २०१४ च्या 'अमेरिकन स्नायपर'मध्ये ब्रॅडली कूपरच्या हातात खऱ्या बाळाऐवजी प्लास्टिकचं बाळ द्यावं लागलं, आणि ऑस्करच्या स्पर्धेतल्या त्या गंभीर चित्रपटातल्या त्या एका प्रसंगावर जग हसलं. 'ट्वायलाइट' मालिकेसाठी तर यंत्रावर चालणारं एक बाळ बनवलं होतं. ते इतकं भयाण दिसलं की चित्रीकरण करणाऱ्यांनी त्याला चकीवरून टोपणनाव ठेवलं आणि शेवटी ते रद्द करून संगणकाची मदत घेतली.

मोठी माणसं बाहुलीला माणूस मानू लागली की काय काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत विलक्षण उदाहरण पडद्याबाहेरचं आहे. १९२४ च्या कायद्यानं अमेरिकेनं जपानी स्थलांतरितांना दार बंद केलं. जपानमध्ये अनेक वर्षं राहिलेले मिशनरी सिडनी गुलिक यांनी कटुता कमी व्हावी म्हणून, १९२७ च्या मार्चमधल्या 'हिनामात्सुरी' या बाहुल्यांच्या सणासाठी १२,७३९ निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या जपानला पाठवल्या. सोबत पासपोर्ट होते, मुलांची पत्रं होती. जपाननं उलट ५८ भव्य बाहुल्या पाठवल्या. मग युद्ध आलं. त्याच निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रू ठरल्या आणि शाळाशाळांतून त्या जाळायचे, फोडायचे आदेश निघाले. काही शिक्षकांनी त्या लपवून ठेवल्या. सुमारे ३०० वाचल्या. बाहुलीला पासपोर्ट देणारे आणि देहदंड देणारे, दोघेही पूर्ण वाढलेले नागरिक होते.

आजची टोकाची बाहुली म्हणजे १९९० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली 'रीबॉर्न'. व्हिनाइलच्या अंगावर पातळ रंगाचे थर द्यायचे, प्रत्येक थर भट्टीत पक्का करायचा, नसा आणि लालसर टाचा रंगवायच्या, मोहेरचे केस सुईनं एकेक रोवायचे, आत काचेचे बारीक मणी भरून वजन नवजात बाळाएवढं करायचं. मान न धरल्यास ती लुळी पडते, मुद्दामच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये पोलिसांनी अशी एक बाहुली वाचवायला बंद मोटारीची काच फोडली. ब्राझीलमध्ये २०२५ साली या बाहुल्यांवरून एवढी चर्चा पेटली की रिओच्या नगर परिषदेनं त्या बनवणाऱ्यांसाठी एक दिवस मंजूर केला आणि महापौरांनी तो नामंजूर केला. यांचे ग्राहक बहुतेक प्रौढ असतात, आणि मुलांच्या हाती त्या सहसा दिल्याही जात नाहीत. त्यांना हसणं सोपं आहे. पण बिस्कच्या बाहुलीपेक्षा हा व्यवहार मला जास्त प्रामाणिक वाटतो. इथे निदान मोठी माणसं मुलांचं नाव पुढे करत नाहीत.

शिवाय एका ठिकाणी या बाहुलीचा खरा उपयोग होतो. परदेशातल्या अनेक वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्या स्त्री-पुरुषांना बाळासारखी बाहुली देतात. काहींची तगमग थांबते, काही जेवू लागतात, बोलू लागतात. हा म्हाताऱ्या माणसाचा अपमान आहे, त्याला पोर समजणं आहे, असा आक्षेप तिथल्याच परिचारिका आणि नातेवाईक घेतात, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तरी बाहुली मागणारा हात त्या माणसाचा स्वतःचा असेल, तर ती काढून घेण्याचा अधिकार मी कुणाला देणार नाही.

पुढच्या आठवड्यात पिंगुळीला जाऊ, ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या पाहायला.