सह्याद्रीच्या पायऱ्या

पर्वत म्हणजे अचल, अशी आपली समजूत आहे. परंतु सह्याद्रि नित्य झिजत आहे, आणि त्या झिजेंतच आपलें अन्नहि आहे व संकटहि आहे.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें भूमीला दीर्घ भेगा पडून तप्त शिलारस वाहूं लागला. एक थर निवावा, त्यावर दुसरा पसरावा, असें पुनःपुन्हां घडून ‘बेसाल्ट’ नांवाच्या काळ्या पाषाणाचें दख्खनचें पठार सिद्ध झालें. आजहि त्याचा विस्तार सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर आहे.

घाटांतील डोंगर पायऱ्यांसारखे कां दिसतात, तें यावरून कळेल. थराचा घट्ट भाग कडा होऊन उभा राहतो. माथ्याकडील सच्छिद्र भाग लवकर झिजून उतार होतो.

हवा व पाणी यांच्या योगानें पाषाण कुजतो व त्याची माती होते. कापसाची काळी जमीन बहुतांशीं अशीच झालेली आहे. परंतु हीच माती उभ्या उतारावर अतिवृष्टीनें भिजली, म्हणजे तिचें वजन वाढतें, कणांची पकड सुटते आणि दरड कोसळते. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव असेंच गाडलें गेलें. दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं.

म्हणून पावसाळ्यांत उतारावर नवी भेग दिसली, झाडें कलंडलीं किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर तेथून तत्काळ दूर व्हावें. पर्वताची झीज आपणांस थांबवितां येणार नाहीं. तिच्या वाटेंतून वेळींच बाजूस होणें मात्र आपल्या हातीं आहे.